रोलपासून प्रिंटपर्यंत : कोकणच्या हवेतला फिल्म फोटोग्राफीचा छंद

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, तो हातखंब्याचा तिठा कोकणात ये-जा करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. येथून समुद्र दूर नाही आणि पालीमार्गे आंबा घाटाचा रस्ताही जवळच आहे. जांभ्या दगडाची घरे, कलमांच्या बागा, पावसाळ्यात डोंगरउतारावर उतरणारे ढग अशी छायाचित्रकाराला भुरळ घालणारी सारी सामग्री या परिसरात आहे. मात्र जो हौशी छायाचित्रकार डिजिटल कॅमेरा बाजूला ठेवून फिल्मचा रोल भरतो, स्वतः धुतो आणि स्वतःच कागदावर छापतो, त्याची परीक्षा हाच परिसर पाहतो. फिल्म आणि रसायनांची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. त्यांतील वीस अंशांचे पाणी आणि कोरडी हवा कोकणात वर्षातून फार थोडे दिवस लाभते. त्यामुळे येथे हा छंद करायचा तर पुस्तकातील नियम पाठ असून भागत नाही. तो नियम कशासाठी आहे, हे कळावे लागते.

हे केवळ छंदिष्टांपुरते मर्यादित नाही. ज्यांचे गावचे घर अजून उभे आहे, अशा असंख्य कुटुंबांच्या ट्रंकांमध्ये आजी-आजोबांच्या काळातील निगेटिव्ह पडून आहेत. ज्या दमट हवेशी छंदिष्ट झगडतो, तीच हवा या निगेटिव्ह दर पावसाळ्यात थोड्या थोड्या खात असते.

मुंबई, दादर, कोल्हापूर

छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाला. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही हौशी छायाचित्रकारांची संस्था मुंबईत स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेशी संबंधित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पेशाने ते वैद्यक व्यवसायातले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. त्या काळी काचेवर रसायन ओतून, ते ओले असतानाच फोटो काढावा आणि लगेच धुवावा लागे. छायाचित्रकार होणे म्हणजे निम्मे रसायनतज्ज्ञ होणे, असाच तो काळ होता.

दादासाहेब फाळके यांची वाटचालही याच अंधारखोलीतून झाली. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाचे शिक्षण घेतले आणि गोध्रा येथे काही काळ स्टुडिओ चालवला. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम एका वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली. ३ मे १९१३ रोजी मुंबईतील कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. या चित्रपटाच्या फिल्मला छिद्रे पाडणे आणि फिल्म धुणे यांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. रसायनांचे हे काम दादरच्या राहत्या घरात, संसाराच्या कामांच्या जोडीने चाले. घरगुती डार्करूमचे महाराष्ट्रातील याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

हातखंब्याहून पाली, साखरपा, आंबा घाट करीत जो रस्ता कोल्हापूरला पोहोचतो, त्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वतःचा कॅमेरा घडवला. त्यांचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. व्ही. शांताराम त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. यंत्र, रसायन आणि कला एकाच छपराखाली शिकण्याची ही परंपरा पुढे गावोगावच्या फोटो स्टुडिओंनी चालवली.

स्वातंत्र्यानंतर हौशी मंडळींच्या हातात अग्फा क्लिक थ्रीसारखा भारतात बनलेला साधा कॅमेरा आला. एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघत. उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीने 'इंदू' या नावाने कृष्णधवल फिल्म आणि कागद बाजारात आणला. अनेक स्टुडिओंचे 'ब्रोमाइड' त्याच कागदावर छापलेले असत. हा कारखाना पुढे बंद पडला.

बाजार आटला, संपला नाही

डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मचा धंदा किती झपाट्याने गिळला, हे काही तारखांवरून ध्यानात येते. कोडॅकने २००५ मध्ये कृष्णधवल कागदाचे उत्पादन थांबवले. त्याच वर्षी जर्मनीची अग्फाफोटो दिवाळखोरीत गेली. कोडाक्रोम ही ख्यातनाम रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्यानंतर मात्र प्रवाह थोडा उलटा फिरला. इंग्लंडमधील इलफोर्डचा कारखाना तेथीलच अधिकाऱ्यांनी २००५ मध्ये हार्मन टेक्नॉलॉजी या नावाने सावरला होता, तो टिकला. झेक प्रजासत्ताकातील फोमा आणि जर्मनीतील अॅडॉक्स याही कंपन्या तग धरून राहिल्या. कोडॅकने २०१८ मध्ये एक्टाक्रोम परत आणली. २०२४ मध्ये पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा बाजारात आणला. भारतात मोठ्या शहरांतील मोजकी दुकाने आणि इंटरनेटवरील विक्रेते यांच्याकडून फिल्म, कागद आणि रसायने मिळतात. हातखंब्यासारख्या गावात ती कुरिअरनेच मागवावी लागतात. त्यामुळे प्रत्येक रोल जपून वापरण्याची सवय आपोआप लागते.

फिल्मवर काय घडते

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. शटर उघडताच ज्या कणांवर प्रकाश पडतो, त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा बदल घडतो. ही सुप्त प्रतिमा. डेव्हलपर हे रसायन प्रकाश लागलेल्या कणांचे काळ्या, धातुरूप चांदीत रूपांतर करते. न बदललेले क्षार फिक्सर विरघळवून काढतो. फिक्सर म्हणजे स्टुडिओवाल्यांचा 'हायपो'. या कामासाठी हायपो वापरण्याची युक्ती जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८३९ मध्येच प्रसिद्ध केली होती. जेथे उजेड जास्त, तेथे चांदी जास्त आणि म्हणून काळे जास्त. यामुळेच निगेटिव्हमध्ये आकाश काळे आणि सावली पारदर्शक दिसते.

फोटो काढताना मीटर नसला तरी अडत नाही. स्वच्छ उन्हात भिंग एफ १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या वेगाच्या जवळ ठेवावा, हा जुना नियम. १०० वेगाची फिल्म असेल तर १/१२५ सेकंद. आभाळ भरून आले की भिंग एफ ८ किंवा एफ ५.६ पर्यंत उघडावे लागते. पावसाळी कोकणात म्हणूनच ४०० वेगाची फिल्म सोयीची ठरते.

येथील रंगांचाही विचार करावा लागतो. डोळ्यांना हिरव्याच्या दहा छटा दिसतात, पण कृष्णधवल फिल्मवर त्या बहुधा एकाच करड्या रंगात मिसळून जातात. भिंगावर पिवळसर हिरवा फिल्टर लावल्यास पालवी उजळ होते आणि पानांतील फरक उमटतो. नारिंगी किंवा लाल फिल्टर लावल्यास जांभ्याची भिंत उजळते, झाडी गडद होते आणि ढग ठळक होतात.

वीस अंशांचा प्रश्न

रोल धुण्याची सुरुवात पूर्ण काळोखात होते. चित्रपटांत दिसणारा लाल दिवा फक्त कागदावर छापताना चालतो. आजची कृष्णधवल फिल्म लाल उजेडही टिपते. काळोखात रोल उघडून तो चक्रीवर चढवायचा आणि चक्री बंद टाकीत ठेवायची. पुढचे काम उजेडात करता येते. कोकणात पहिली अडचण येथेच उभी राहते. प्लॅस्टिकच्या चक्रीला दमटपणा लागलेला असेल, तर फिल्म अर्ध्यावर चिकटते आणि पुढे सरकत नाही. हात घालण्याच्या काळ्या पिशवीत पाच मिनिटांत घाम जमतो. चक्री आदल्या दिवशी पूर्ण वाळवून ठेवणे, पिशवीऐवजी रात्रीच्या वेळी कोठीची खोली वापरणे किंवा स्टीलची चक्री वापरणे हे त्यावरचे उपाय.

दुसरी अडचण तापमानाची. कृष्णधवल डेव्हलपरचे बहुतेक तक्ते २० अंश सेल्सिअससाठी असतात. इलफोर्ड एचपी ५ प्लस ही फिल्म डी-७६ मध्ये या तापमानाला साडेसात मिनिटांत तयार होते. पाणी २४ अंशांचे असेल, तर ही वेळ साधारण साडेपाच मिनिटांवर येते. एप्रिल-मेमध्ये टाकीतील पाणी याहूनही गरम असते. मग वेळ पाच मिनिटांच्या आत उतरते आणि आकाशासारख्या मोकळ्या भागावर रसायनाचे पट्टे उमटतात. जिलेटिन फुगून मऊ पडते आणि नखाच्या स्पर्शानेही ओरखडा उठतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान खाली आणणे. दुसरा, डेव्हलपरमध्ये तितकेच पाणी मिसळून त्याची तीव्रता निम्मी करणे. तसे केल्यास वरील फिल्मची वेळ बरीच वाढते. म्हणजे थोडे गरम पाणीही चालून जाते. मात्र केवळ डेव्हलपर थंड करून पुढची पाणी-फिक्सर गरम ठेवली, तर जिलेटिन आकसते-फुगते आणि त्यावर सुरकुत्यांची जाळी पडते. सर्व द्रावणे एकाच घमेल्यात शेजारी शेजारी ठेवून एका तापमानाला आणणे हाच खरा नियम. आकडा वीस असो वा चोवीस.

डी-७६ हा डेव्हलपर कोडॅकने १९२७ मध्ये तयार केला. त्याची कृती खुली असल्याने तो घरीही बनवता येतो. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम, एवढेच त्यातील घटक. पाणी पन्नास अंशांच्या आसपास घ्यावे. चिमूटभर सल्फाइट टाकून आधी मेटॉल विरघळवावे, कारण भरपूर सल्फाइटमध्ये मेटॉल नीट विरघळत नाही. मेटॉलने काहींच्या त्वचेला पुरळ उठते. त्यामुळे हातमोजे वापरावेत. ही भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत.

शेवटचे धुणे सर्वांत दुर्लक्षित. फिक्सर फिल्ममध्ये राहिला तर काही वर्षांत निगेटिव्ह पिवळी पडते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, तेव्हा नळाखाली अर्धा तास फिल्म धरणे परवडत नाही. त्यासाठी इलफोर्डने सुचवलेली पद्धत उपयोगी पडते : टाकी भरून पाच वेळा उलटसुलट करावी, पाणी ओतावे, पुन्हा भरून दहा वेळा, मग वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात काम होते. पावसाळ्यात पाणी गढूळ असल्यास ते आधी गाळून घ्यावे. मातीचा कण ओल्या जिलेटिनमध्ये रुतला की तो कायमचा राहतो.

लाल दिव्याखाली

निगेटिव्ह तयार झाली की छपाई. डार्करूम म्हणजे मोठी सोय लागते असा समज आहे. प्रत्यक्षात न्हाणीघर किंवा माळ्याखालची खोली पुरते. फटी काळ्या कापडाने बुजवाव्यात, कोरडे आणि ओले काम दोन बाजूंना ठेवावे. एका बाजूला एन्लार्जर, दुसऱ्या बाजूला डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सरच्या तीन ट्रे.

एन्लार्जरमधील दिव्याचा उजेड निगेटिव्हमधून कागदावर पडतो. आधी कागदाची एक पट्टी घेऊन तिच्यावर पाच-पाच सेकंदांच्या टप्प्यांनी उजेड द्यायचा. धुतल्यावर कोणता टप्पा योग्य आहे ते समजते. कागद डेव्हलपरमध्ये पडल्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही, मग हळूहळू आधी गडद भाग उमटू लागतात. या क्षणाच्या ओढीने पुष्कळ जण छंदात अडकतात. खरी मेहनत मात्र पुढे असते. आकाश फिके पडले तर तेवढ्या भागाला अधिक उजेड द्यायचा. चेहरा काळवंडला तर तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीने काही सेकंद सावली करायची. एकाच निगेटिव्हचे दहा प्रिंट काढले तरी दहावा पहिल्यासारखा नसतो.

गावातील विजेचा येथे थेट संबंध येतो. दाब कमी-जास्त झाला की एन्लार्जरच्या दिव्याचा उजेड बदलतो आणि पट्टीवर काढलेला हिशेब चुकतो. स्टॅबिलायझर म्हणूनच येथे चैनीची वस्तू राहत नाही. पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसल्याने फिल्म धुणे पावसात आणि छपाई हिवाळ्यात, अशी कामाची विभागणी सोयीची ठरते. हिवाळ्यात पाणीही थंड असते.

कागद दोन प्रकारचे. प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद दोन मिनिटांत धुतला जातो आणि लवकर वाळतो. निव्वळ तंतूंचा कागद रसायन शोषतो, तो तासभर धुवावा लागतो, वाळताना वाकतो. पण नीट धुतल्यास पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातील जीवांना घातक ठरते. कोकणात विहीर बहुधा परसातच असते. त्यामुळे हे पाणी अंगणात वा आळ्यात ओतू नये. ते कॅनमध्ये साठवून त्यात बारीक पोलादी तारांचा घासा काही दिवस बुडवून ठेवल्यास बरीच चांदी गाळाच्या रूपाने वेगळी होते.

बुरशी : सर्वांत मोठा शत्रू

जून ते सप्टेंबर या काळात कोकणातील हवा आर्द्रतेने भरलेली असते. भिंगाच्या काचांमध्ये बुरशीचे बीज सर्वत्र असतेच. दमटपणा आणि काळोख मिळाला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. ते काचेवरील लेप खातात आणि साफ केल्यावरही खूण उरते. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवणे ही सर्वसाधारण चूक. चामडे ओल धरून ठेवते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे लहान यंत्र एवढ्याने काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करता येते. कॅमेरा आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरणे हाही चांगला उपाय.

धुतलेली फिल्म पावसात लवकर वाळत नाही. चुलीजवळ किंवा पंख्याखाली टांगल्यास तिच्यावर राख-धूळ बसते. खाली लहान बल्ब लावलेल्या बंद कपाटात ती टांगल्यास धूळही बसत नाही आणि ओलही जाते.

ट्रंकेतील निगेटिव्ह

गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी या वेळी माळ्यावरची ट्रंक उघडून पाहावी. भाद्रपदात पावसाचा जोर ओसरू लागलेला असतो, तेव्हा नुकसानीचा अंदाज येतो. कृष्णधवल निगेटिव्ह नीट धुतलेली असेल, तर शंभर वर्षेही टिकू शकते, कारण तिच्यात चांदी असते. रंगीत निगेटिव्ह आणि प्रिंटमध्ये रंगद्रव्ये असतात आणि ती काळाबरोबर उडतात. १९७०-८० च्या दशकातील लग्नाचे अल्बम तांबूस झालेले दिसतात, ते याचमुळे. म्हणून आधी रंगीत फोटोंची डिजिटल प्रत काढावी.

बुरशी लागलेली निगेटिव्ह दिसली की ती पाण्याने धुण्याचा मोह होतो. तो टाळावा. बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि धुताना चेहऱ्यासकट प्रतिमा वाहून जाऊ शकते. अशी फिल्म आधी कोरड्या जागी ठेवून बुरशी सुकू द्यावी, जशी आहे तशी तिची डिजिटल प्रत काढावी, साफसफाई जाणकाराकडे सोपवावी. एकमेकींना चिकटलेल्या निगेटिव्ह ओढून सोडवू नयेत. डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर फिल्मचा मूळ पट्टाच कुजू लागला आहे असे समजावे आणि ती इतरांपासून वेगळी ठेवावी. फार जुनी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील फिल्म नायट्रेटची असू शकते. ती सहज पेट घेते. तिची देखभाल घरी करू नये. पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला होता.

चांगल्या अवस्थेतील निगेटिव्ह साध्या आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात ठेवाव्यात. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे टाळावीत. पाकिटावर निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी पेन्सिलीने वर्ष, स्थळ आणि व्यक्तींची नावे लिहावीत. फोटोतील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी घरात आहेत तोवरच हे काम होऊ शकते. बुरशी एखाददुसरा पावसाळा रोखता येते, पण न लिहिलेली नावे नंतर कोणत्याही रसायनाने परत येत नाहीत.